राखेतला चंद्र आणि ९६ टक्के: शेवटच्या वर्षाच्या एका प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातलं, २०२३-२४ सालचं. प्रोजेक्ट होता चंद्राच्या फोटोवरून यानाची जागा ओळखायचा. मी त्या ग्रुपचा गाइड होतो. कॉलेजचं नाव देत नाही, मुलांची तर नाहीच. आमच्या होस्टेलमध्ये तसंही पोराला त्याच्या गावावरून हाक मारतात, म्हणून इथेही ते चौघं यावलवाला, पारोळ्याची, बोदवडवाला आणि शहाद्याची असेच येतील. गावंसुद्धा आपापसात बदललेली आहेत, तेव्हा शोधत बसू नका.

पार्श्वभूमी

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ. सेमिनार हॉलमध्ये पडदा लावलेला, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं पायऱ्यांवर बसलेली. आमच्याकडे विज्ञानाचा कुठलाही कार्यक्रम चाळीसगावजवळच्या पाटणादेवीपासून सुरू होतो: तिथला शिलालेख, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने काढलेला मठ. तेही झालं. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. गर्दी पांगल्यावर यावलवाला माझ्यापाशी आला. "सर, दीडशे मीटरवर थांबून ते खाली बघत होतं, ते समजलं. पण तिथवर येईस्तोवर आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला सांगतं कोण?"

प्रश्न नेमका होता. चंद्रावर जीपीएस नाही. वेग आणि दिशा किती बदलली हे यानातली यंत्रं मोजत राहतात, पण प्रत्येक मोजमापात बारीकशी चूक राहते आणि ती साचत जाते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं, रोजचे दोन-चार रुपये दिसत नाहीत आणि महिनाअखेरीला आकडा बघून दचकायला होतं. पृथ्वीवरून विचारावं तर चंद्रापर्यंत रेडिओ संदेश जायलाच सव्वा सेकंद लागतो. लांबच्या ठिकाणी तर सोयच नाही. २०२० साली नासाचं ओसायरिस-रेक्स यान बेनू या लघुग्रहावर टेकलं, तेव्हा एक निरोप पोचायला साडेअठरा मिनिटं लागत होती.

म्हणून मग खाली बघायचं आणि ओळखीची खूण शोधायची. रात्रीच्या एसटीत जाग आली की आपण खिडकीतून तेच करतो: तापीचा पूल गेला, म्हणजे चोपडा आता फार लांब नाही. अपोलो ११ उतरताना नील आर्मस्ट्राँगनेही हेच केलं. खिडकीतून दिसणाऱ्या खुणा ठरल्या वेळेच्या दोन-तीन सेकंद आधीच येत होत्या, त्यावरून आपण पुढे जाऊन पडणार हे त्याने ओळखलं. त्याचं यान, ईगल, ठरल्या जागेच्या सुमारे ६ किलोमीटर पुढे उतरलं. आता ही नजर कॅमेऱ्याकडे आणि संगणकाकडे आली आहे. १८ फेब्रुवारी २०२१ला नासाचं पर्सिव्हरन्स यान मंगळावर जेझेरो विवरात उतरलं, ते उतरता उतरता काढलेले फोटो पोटातल्या नकाशाशी जुळवतच. चांद्रयान-३च्या लँडरवरही त्यासाठी वेगळा कॅमेरा होता.

मुलांनी विषय पक्का केला: चंद्राच्या फोटोतल्या विवरांवरून यानाची जागा ओळखायची, मशीन लर्निंग वापरून, म्हणजे संगणकाला ढीगभर उदाहरणं दाखवून शिकवून. मी एकच अट घातली, की उतरतानाचा शेवटचा टप्पा नको. तो आमच्या आवाक्यातला नव्हता. चंद्राभोवती फिरताना वरून दिसणारा मोठा पट्टा घ्यायचा आणि त्यावरून जागा सांगायची, एवढंच.

सामग्रीची ददात नव्हती. २००९ साली गेलेल्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या फोटोंपासून केलेला अख्ख्या चंद्राचा नकाशा फुकट मिळतो, एका पिक्सेलला १०० मीटर. स्टुअर्ट रॉबिन्स या शास्त्रज्ञाने एकेक करून नोंदवलेली, सुमारे १ ते २ किलोमीटरपेक्षा मोठ्या १३ लाखांवर विवरांची यादीही मिळते. मुलांनी नकाशाचे २५६ बाय २५६ पिक्सेलचे चौकोन कापले, म्हणजे एका चौकोनात साधारण साडेपंचवीस किलोमीटर बाजूची जमीन. ठेवणीतला सगळ्यात सरळ रस्ता धरला: न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, चौकोन दाखवायचा, त्याने थेट अक्षांश-रेखांश सांगायचे.

डिसेंबरच्या रिव्ह्यूला आकडा आला ९६ टक्के. म्हणजे शंभरातल्या ९६ चौकोनांची जागा ५ किलोमीटरच्या आत बरोबर. रिव्ह्यू समितीने बाकं वाजवली. मीही वाजवलं.

अडचण

रिव्ह्यूनंतर विभागाच्या भिंतीवर पोस्टर लावायचं होतं. पारोळ्याचीने नमुना म्हणून ट्रेनिंगमधले, म्हणजे नेटवर्कला शिकवायला वापरलेले चार आणि टेस्टमधले, म्हणजे त्याच्या परीक्षेसाठी राखलेले चार चौकोन छापून आणले आणि लॅबच्या टेबलावर पसरले. बराच वेळ ती नुसतीच बघत उभी होती. मग टेस्टमधला एक कागद उचलून तिने ट्रेनिंगमधल्या एकावर अर्धा सरकवून ठेवला. विवरांच्या कडा एकमेकींत बसल्या. चिंधीला चिंधी जुळावी तशा.

"भो," ती यावलवाल्याला म्हणाली, "हाई तं तेच शे!"

तेच होतं. चौकोन कापताना ते अर्धे-अर्धे सरकवत कापले होते, संख्या वाढावी म्हणून. नंतर सगळे एकत्र पिसून ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला टाकले. साहजिकच टेस्टमधल्या जवळजवळ प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग नेटवर्कने आधीच पाहिलेला होता, त्याच फोटोतला, त्याच सावल्यांसकट. पेपर फुटलेला होता, असं मी म्हणालो. इथे माझं एक कबूल करून टाकतो. कापण्याचा तो कोड ऑक्टोबरात त्यांनी मला दाखवला होता. लॉगबुकच्या त्या पानावर माझी सही आहे.

यावलवाला ऐकेना, आणि त्याचा मुद्दा वरवरचा नव्हता. "सर, पेपर फुटला असं म्हणताय, पण यानासाठी पेपर फुटलेलाच असतो ना? ज्या जमिनीवर जायचं तिचा नकाशा आधीच पोटात असतो. न पाहिलेली जमीन ओळखायला कोण सांगतंय?"

यावर मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी जाताना, मग जेवताना, डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते आजही मला बरोबर वाटतं. फोटोत विवर ओळखणं हे एक काम आणि फोटोवरून जागा ओळखणं हे दुसरं. दोन्हींची परीक्षा एकाच पद्धतीने घेता येत नाही. विवर ओळखायला शिकवलं असेल तर परीक्षा नव्या जमिनीवर हवी. जागा ओळखायला शिकवलं असेल तर जमीन जुनी चालेल, यावलवाल्याचं तेवढं खरं, पण फोटो नवा हवा. कारण यान तिथे पोचेल तेव्हा ऊन वेगळं असेल. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, झाड नाही. दिवसागणिक बदलतं ते ऊनच.

ऊन किती फसवतं ते आमच्या शिपाईमामांनी दाखवून दिलं. टेबलावरच्या छापील कागदांतला एक चुकून उलटा पडला होता. मामा चहा ठेवायला आले आणि म्हणाले, "सर, एवढ्या पुऱ्या कुणाच्या लग्नाच्या?" खरंच टम्म फुगलेल्या पुऱ्या दिसत होत्या. प्रकाश वरून येतो असं आपली नजर धरून चालते. फोटो उलटा केला की सावली दुसऱ्या कडेला जाते आणि खड्ड्याचा उंचवटा होतो. कागद सुलटा केला, पुऱ्या बसल्या, खड्डे आले.

मग परीक्षा ठरली. ऑर्बिटरवरच्या लोला नावाच्या लेसर यंत्राने चंद्राची उंची-खोली मोजलेली आहे. त्या उंचसखल नकाशावर संगणकात हव्या त्या बाजूने सूर्य लावून सावल्या पाडता येतात. शहाद्याचीने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली, मी न सांगता. आधी मूळ नकाशात जिकडून ऊन आहे तिकडूनच सूर्य लावून पाहिला. चित्र फोटोचं नसून संगणकाने काढलेलं आहे, त्याचा फटका किती आणि उन्हाचा किती, हे वेगळं कळावं म्हणून. ५० चौकोन घेतले. ऊन तेच ठेवलं तेव्हा ३८ बरोबर आले. सूर्य समोरच्या बाजूला नेला तेव्हा ६.

सहाचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. उरलेल्या ४४ वेळा नेटवर्क गप्प बसलं नव्हतं, याचं वाटलं. दर वेळी तितक्याच ठामपणे कुठला तरी अक्षांश, कुठला तरी रेखांश. आपण चुकतोय याची त्याला गंधवार्ता नव्हती आणि ते कळायला त्याच्यात जागाही ठेवलेली नव्हती.

समोरचे पर्याय

जानेवारीचा पहिला आठवडा, हातात जेमतेम चार महिने. टेबलावर चार रस्ते होते.

पहिला, आहे तसं पुढे न्यायचं. हसण्यावारी नेऊ नका, या रस्त्याला वजन होतं. ९६चा आकडा नोंदीत गेलेला, समितीने मान्य केलेला, आणि विभागातही "आता कशाला उकरून काढता" असा सूर होता. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, कोड उघडून बघत नाहीत हेही सगळ्यांना माहीत. बोदवडवाल्याच्या घरची परिस्थिती अशी की त्याला कॅम्पसमधून नोकरी हवीच होती, आणि बायोडेटावर ९६ बरा दिसतो. त्याने ते बोलून दाखवलं. त्याचा मला राग आला नाही.

दुसरा, याच नेटवर्कला निरनिराळ्या उन्हातली चित्रं दाखवून पुन्हा शिकवायचं. सोपा, पण ठामपणे चुकण्याची खोड तशीच राहिली असती.

तिसरा, काम दोन तुकड्यांत करायचं. नेटवर्कने फक्त विवरं शोधायची: कुठे आहेत, केवढी आहेत. त्यातली तीन-तीन घेऊन त्रिकोण करायचे, बाजूंचं प्रमाण आणि विवरांच्या आकाराचं प्रमाण काढायचं आणि यादीत तसला त्रिकोण कुठे आहे ते हुडकायचं. हे दुसरं काम शुद्ध भूमितीचं, त्याला शिकवावं लागत नाही. पुरेसे त्रिकोण एकाच जागेकडे बोट दाखवत नसतील तर यंत्रणेने उत्तरच द्यायचं नाही.

चौथा, मशीन लर्निंग नकोच. त्या वेळी सूर्य कुठे असेल हे आधीच माहीत असतं, तेव्हा उंचसखल नकाशावर तसं ऊन पाडून चित्र तयार करायचं आणि कॅमेऱ्याच्या फोटोवर सरकवत जुळवायचं. ओसायरिस-रेक्सने बेनूवर साधारण हेच केलं होतं. तिथे मूळ बेत लेसरने अंतर मोजत उतरायचा होता. पण बेनू अपेक्षेपेक्षा फारच खडकाळ निघाला, आणि पर्याय म्हणून ठेवलेली ही खुणा जुळवायची पद्धत मुख्य झाली. माझा कल या चौथ्या रस्त्याकडे होता. मुलांचा नव्हता. विषयाच्या नावात मशीन लर्निंग आहे, ते काढलं तर मंजुरीचा फॉर्म पुन्हा भरावा लागला असता. हे कारण शास्त्रीय नाही, मला ठाऊक आहे. पण कॉलेजातले अर्धे निर्णय फॉर्मवरच होतात.

हे घोळत असतानाच १९ जानेवारीला रात्री नऊच्या सुमाराला जपानचं स्लिम यान चंद्रावर उतरलं. मुलांनी होस्टेलवर एकाच मोबाइलवर पाहिलं. आधी वाटलं फसलं, कारण बॅटरीला सौरऊर्जा मिळेना. काही दिवसांनी कळलं की यान ठरल्या जागेपासून ५५ मीटरवर होतं, आणि शेवटच्या टप्प्यात एका इंजिनाचा नोझल गेल्याने ते कलंडलं. १०० मीटरच्या आत उतरणं हेच त्या मोहिमेचं ध्येय. आणि जागा कशावरून काढली? फोटोत विवरं शोधून, ती नकाशातल्या विवरांशी जुळवून. सकाळी चौघं माझ्या केबिनच्या दारात उभे. तिसरा रस्ता ठरला. चौथा मी सोडला नाही. तो मोजपट्टी म्हणून शेजारी चालवायचा, म्हणजे नेटवर्क लावून खरंच काही हाती लागतं का ते कळेल.

९६चं काय करायचं हे मात्र मी एकट्याने ठरवलं नाही. चौघांना बसवलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाने पारोळ्याची बाहेर आली. "सर, दोन्ही आकडे लिहू. ९६ टक्के पण आणि पन्नासातले ६ पण."

काय केलं

विवरं शोधायला यू-नेट जातीचं नेटवर्क घेतलं. मूळचं ते २०१५ सालचं, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या कडा काढण्यासाठी केलेलं. चंद्राच्या उंचसखल नकाशावर विवरं शोधायला ते आधी वापरलं गेलं होतं आणि माणसांनी नोंदवलेल्यांतली ९२ टक्के विवरं त्याला सापडली होती, हे मुलांनी वाचलेलं होतं. आम्ही ट्रेनिंगसाठी प्रत्येक चौकोनाची आठ दिशांच्या उन्हातली चित्रं केली. या वेळी वाटणी जमिनीवरून: काही रेखांशांचा पट्टा सबंध बाजूला काढला, त्यातलं एकही चित्र ट्रेनिंगला नाही. पट्ट्याच्या कडेला एका चौकोनाएवढी जागा मोकळी सोडली, शेताच्या बांधासारखी.

ट्रेनिंग रात्री चालायचं, कारण फुकटचा जीपीयू, म्हणजे नेटवर्क शिकवायला लागणारा वेगवान प्रोसेसर, दिवसा मिळायचा नाही आणि मिळाला तर मध्येच सुटायचा. त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मध्येच बोदवडवाल्याने हौसेने लोणारचा उपग्रह फोटो नेटवर्कला दाखवला. बेसाल्टमधलं, पावणेदोन किलोमीटरहून जरा रुंद, एवढं नावाजलेलं आपलं विवर. नेटवर्कला ते दिसलंच नाही. पाणी होतं, झाडी होती, सावली नव्हती. "घरच्याला ओळखत नाही," तो म्हणाला.

संगणकातल्या उन्हावर माझा पूर्ण भरवसा नव्हता. खरा प्रकाश, खरी धूळ, खरा कॅमेरा कुठेतरी यायलाच हवा होता. यावर शहाद्याचीने जे सुचवलं ते फक्त आमच्या भागातच सुचू शकतं: राख. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथल्या राखेच्या विटा पाडणारे आसपास बरेच आहेत. अशाच एका वीटवाल्याकडून दोन गोण्या आणल्या. राख बारीक, करडी, हाताला पिठासारखी. चार फूट बाय चार फुटांच्या प्लायवर चार बोटं जाडीचा थर दिला, पट्टीने सपाट केला आणि त्यावर गोट्या सोडल्या, कधी कंबरेच्या उंचीवरून, कधी टेबलावर उभं राहून. गोटी पडली की राखेची झालर बाहेर फेकली जायची आणि उठलेली कड मागे राहायची. चिमट्याने गोटी उचलली की खाली जे दिसायचं ते बघून मीसुद्धा थोडा वेळ गप्प झालो. खोलीतले दिवे घालवून बाजूने टेबललॅम्प लावला तर कुणीही चंद्रच म्हणालं असतं.

जुना मोबाइल वर दोरीला बांधला. दोरी कप्पीवरून, म्हणजे उंची बदलता येते. लॅम्प टेबलाच्या कडेने फिरवत न्यायचा, कधी जवळजवळ आडवा धरायचा. हे आडवं ऊन महत्त्वाचं. चंद्राच्या ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजावर जेमतेम दीड अंश चढतो आणि चारबोटी खड्ड्याचीही सावली हातभर पडते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विवरांची यादी तयार झाली. एकेका खड्ड्याचं केंद्र आणि व्यास, पट्टीने मोजून, दोन दिवस खपून. त्याच दुपारी कुणीतरी लॅबमध्ये आलं. बाहेर जळगावचं ऊन, आत उकाडा. त्याने बटण दाबलं. पंखा फिरला आणि चंद्र उडाला. अर्धी राख भिंतीवर, उरलेल्या अर्धीवर एकही खड्डा धड नाही, आणि की-बोर्डमधून पुढे आठवडाभर राख निघत होती. चौघं एकमेकांकडे बघत उभे. मग यावलवाल्याने मार्करने एका कागदावर "पंखा लावू नये. खाली चंद्र आहे." असं लिहून स्विचबोर्डवर चिकटवलं आणि पुन्हा गोट्या गोळा करायला लागला.

दुसऱ्या चंद्रावर ४० फोटो घेतले, उंची आणि उजेड बदलत.

निष्पत्ती

या ४० फोटोंवर दोन्ही पद्धती तपासल्या. थेट जागा सांगणारं जुन्या घडणीचं नेटवर्क, राखेच्या एकाच उजेडातल्या नकाशावर शिकवलेलं, चाळीसही वेळा बोललं: ९ बरोबर, ३१ चूक. विवरं शोधून त्रिकोण जुळवणारी नवी पद्धत २७ वेळा बरोबर, २ वेळा चूक आणि ११ वेळा "सांगता येत नाही". त्या ११ पैकी बहुतेक लॅम्प अगदी आडवा असतानाचे, सावल्यांनी निम्मे खड्डे गिळलेले. तिथे गप्प बसणं रास्तच होतं.

दोन चुकांचा माग काढला तर दोष आमच्याच हाताचा निघाला. सगळ्या गोट्या एकाच बरणीतल्या, एकाच मापाच्या. खड्डे एकसारखे आले आणि दोन ठिकाणचे त्रिकोण जुळे निघाले. खऱ्या चंद्रावर मोठी विवरं थोडी आणि लहान विवरांचा पाऊस पडलेला असतो, त्या चढउतारातच ओळख असते. ती आम्ही राखेत उतरवलीच नव्हती.

मोजपट्टीचं काय झालं? उजेड कुठून येतोय हे आधी सांगितलं, तर मशीन लर्निंगशिवायची साधी जुळवणी नव्या पद्धतीच्या बरोबरीने आली, काही फोटोंवर तर जागा तिने जास्त अचूक सांगितली. उजेडाची दिशा चुकीची सांगितली की ती ढासळायची आणि नेटवर्क टिकायचं. यान कधी कुठे पोचणार हे सहसा आधी ठाऊक असतं, म्हणजे सूर्याची दिशाही ठाऊकच असते. तेव्हा नेटवर्कचा उपयोग कुठे, तर जिथे उंचसखल नकाशा पुरेसा बारीक नाही किंवा वेळापत्रक हललंय तिथे. अहवालात मुलांनी हे असंच लिहिलं, मोठेपणा न चढवता.

वेगाचा हिशेबही लिहिला. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर एका फोटोला सात सेकंद लागले. चांद्रयान-३ने उतरायला सुरुवात केली तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता. सात सेकंदांत पावणेबारा किलोमीटर; यंत्रणा "तुम्ही जळगावात आहात" म्हणेस्तोवर यान नशिराबादेत. आणि अवकाशात जाणारा संगणक पायपेक्षाही संथ असू शकतो. किरणोत्सर्ग सोसणारे प्रोसेसर जुन्या घडणीचे असतात, पर्सिव्हरन्सचा मुख्य प्रोसेसर तर २०० मेगाहर्ट्झच्या घरातला; चित्रं जुळवायला त्याला वेगळा संगणक जोडावा लागला होता.

वायव्हाला एक्स्टर्नलनी तिसऱ्याच पानावर बोट ठेवलं. "डिसेंबरमध्ये ९६, इथे सहा. हे काय आहे?" पारोळ्याचीने छापील चौकोन सोबत आणले होते. तिने ते टेबलावर एकमेकांवर सरकवून दाखवले. ते बघत राहिले, मग विचारलं, "अकरा वेळा उत्तर देत नाही, ते यानाला परवडेल?" यावलवाला म्हणाला, एका फोटोला नाही दिलं तर पुढचा फोटो आहे, चुकीचं दिलं तर यान ते खरं धरून चालेल. पुढे त्यांनी विचारलं, की सलग दहा फोटोंना नाही दिलं तर? त्याला मुलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मार्क बरे पडले, पहिल्या तिनात नाहीत. बोदवडवाल्याला कॅम्पसमधून नाही मिळाली नोकरी. तीन महिन्यांनी पुण्यात मिळाली, कारखान्यातल्या सुट्या भागांवरचे चरे फोटोतून शोधायचं काम. पहिल्याच महिन्यात त्याने फोन करून सांगितलं की तिथेही एकाच भागाचे दोन फोटो ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे पडलेले त्याला सापडले.

पुन्हा करायचं झालं तर

वाटणीचा प्रश्न पहिल्या आठवड्यात सोडवला असता. आम्ही आधी मॉडेल निवडलं, मग डेटा कापला आणि परीक्षेचा विचार अगदी शेवटी. यात मुलांपेक्षा माझा दोष मोठा.

मोजपट्टीची पद्धत जानेवारीत न घेता सप्टेंबरात लावली असती. साधी जुळवणी किती करते हे आधी कळलं असतं तर ९६वर कुणी बाकं वाजवली नसती, निदान मी तरी नाही.

राखेसाठी गोट्यांऐवजी चाळून घेतलेली खडी, निरनिराळ्या मापांची, बारीक पुष्कळ आणि मोठी थोडी. प्लायला झाकण. आणि प्रत्येक चंद्राचा, मोजमाप सुरू करण्याआधी, सरळ वरून एक फोटो. पहिल्याचा आमच्याकडे एकही नाही.

एका गोष्टीवर माझं अजून ठरलेलं नाही. चौघांना बसवून मी बाहेर गेलो, ते बरोबर होतं का? सहकाऱ्यांतल्या एकीचं म्हणणं, गाइडने तिथे थांबून स्वच्छ सांगायला हवं होतं की दोन्ही आकडे लिहा; ते मुलांवर सोडणं म्हणजे बोदवडवाल्याला तिघांसमोर एकटं पाडणं. त्या अर्ध्या तासात आत काय बोलणं झालं हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

यंदाच्या ग्रुपला तापीकाठच्या खोऱ्यांवरून ड्रोन उडवून हेच करायचंय. त्यांना पहिलं काम दिलंय, ट्रेनिंग आणि टेस्टची जागा नकाशावर दोन रंगांनी रंगवून, छापून आणा. तीन आठवडे झाले, अजून आणलेलं नाही. ड्रोन मात्र आलाय.